चार मिनिटे पन्नास सेकंद

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणक हा माझा विषय नाही. बीएडला असताना त्याची तोंडओळख झाली, नोकरी लागल्यावर एमएस-सीआयटी केली, आणि सहामाहीच्या प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत टाइप करता येतात एवढ्या भांडवलावर हेडमास्तरांनी लॅबची किल्ली माझ्या हाती दिली. लॅब म्हणजे एक जुनी वर्गखोली, दहा संगणक आणि प्रत्येक संगणकापुढे तीन मुले. तासिका पस्तीस मिनिटांची.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आठवीची एक मुलगी सगळ्यांत मागच्या संगणकापुढे बसली होती. तिने बटण दाबले. पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले, मग ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागले, मग निळा पडदा, मग काहीच नाही. तिने माउस हलवला, दोन-चार ठिकाणी क्लिक करून पाहिले आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "सर, मेरेकू कम्प्युटर नै आता."

तिने अजून काहीच केलेले नव्हते. बटण दाबून वाट पाहत होती, एवढेच. संथ होते ते यंत्र, पण तो दोष तिने स्वतःच्या नावावर लिहून घेतला होता. भाषेच्या वर्गात असे घडलेले मी अनेकदा पाहिले आहे. पुस्तक वाईट असते आणि मूल समजते की आपणच ढ आहोत.

त्या दिवशी मोबाइलचे स्टॉपवॉच लावून मोजले. बटण दाबल्यापासून नोटपॅड उघडून पहिले अक्षर उमटेपर्यंत चार मिनिटे पन्नास सेकंद. पाचच धरू. तीस मुलांची प्रत्येकी पाच मिनिटे म्हणजे एका तासिकेत अडीच तास. पाचवी ते दहावी सहा वर्ग, आठवड्याला प्रत्येकाची एक तासिका, म्हणजे आठवड्याला पंधरा तास. वर्षात अशा तासिकांचे तीस आठवडे मिळाले तरी मुलांचे साडेचारशे तास फिरत्या वर्तुळाकडे बघण्यात जातात.

संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. त्याने बसल्या जागेवरून निकाल दिला, "सर, हे सगळं भंगारात द्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, अकरा याच्यावर बसत नाही. नवीन घ्या." नवीन दहा संगणकांचे पैसे आमच्या शाळेकडे नाहीत. हेडमास्तर म्हणाले, "सर, तुम्हीच काही तरी बघा." मी भाषेचा माणूस. एखादा शब्द अडला की तो आला कुठून, हे आधी शोधतो. त्याच सवयीने इथेही मागे गेलो. संगणकाला सुरू व्हायला वेळ का लागतो आणि हा वेळ कधीपासून लागू लागला?

बुटाचा पट्टा

संगणक सुरू करण्याला इंग्रजीत 'बूट' करणे म्हणतात. हा शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आला. उंच बुटाच्या वरच्या कडेला पाय आत सरकवताना धरण्यासाठी पट्टा असतो, तो बूटस्ट्रॅप. तोच पट्टा ओढून स्वतःलाच जमिनीवरून उचलणे, म्हणजे अशक्य गोष्ट करणे, असा इंग्रजीतला वाक्प्रचार. संगणकाची अडचण नेमकी हीच आहे. काम करण्यासाठी त्याच्या स्मृतीत सूचना हव्यात, आणि त्या सूचना स्मृतीत आणणे हेसुद्धा एक काम आहे. ते काम कोण सांगणार? रिकाम्या यंत्राला पहिले अक्षर कोण शिकवणार?

सुरुवातीला हे माणसेच करत. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनियॅक या यंत्रात नवे गणित घालायचे तर तारा उपसून दुसरीकडे जोडाव्या लागत, शेकडो स्विच फिरवावे लागत. त्यात दिवसच्या दिवस जात. हे काम सहा तरुणींनी केले. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे पुढे अनेक वर्षे कुणाला ठाऊक नव्हती.

६ मे १९४९ रोजी इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात एडसॅक या संगणकाने पहिले गणित सोडवले. त्याच्यासाठी डेव्हिड व्हीलर या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने अवघ्या ३१ सूचनांची एक मालिका लिहिली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत तसल्या स्विचांवर ती कायमची बसवलेली होती. बटण दाबले की त्या ३१ सूचना स्मृतीत जात आणि पुढचा कार्यक्रम छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून वाचून घेत. आजच्या भाषेत बोलायचे तर संगणकाचा हा पहिला बिस्मिल्ला. ३१ ओळींत यंत्राला पुढचे वाचायचे कसे ते समजत होते, आणि बाकीचे ते स्वतः वाचत होते. पहिलीच्या मुलाला आपण याहून वेगळे काय देतो?

१९५२ च्या आयबीएम ७०१ वर यासाठी 'लोड' असे वेगळे बटणच होते. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी संगणक तयार झाला. १९६० साली तो पूर्ण क्षमतेने काम करू लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक ठेवले. तोही कागदी पट्टीवरच काम घेई. त्या काळी असा संगणक रोज सुरू आणि बंद करण्याची वस्तू नव्हती. तो चालवणारी माणसे वेगळी, वापरणारी वेगळी. सुरू होण्याची वाट सामान्य माणसाने पाहावी अशी वेळ अजून आली नव्हती.

ती १९७५ साली आली. अल्टेअर ८८०० नावाचा संगणक हौशी लोकांना घरी जोडता येईल अशा सुट्या भागांत मिळू लागला. त्याला ना पडदा ना कळफलक, पुढे नुसती खिट्ट्यांची रांग. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा तयार केली. ती दाखवायला ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले आणि विमान उतरायच्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की सगळे लिहिले, पण कागदी पट्टी वाचायला सांगणाऱ्या सुरुवातीच्या सूचनाच लिहायच्या राहिल्या. त्यांनी तिथेच कागदावर त्या खरडल्या आणि नंतर खिट्ट्या वर-खाली करत एकेक करून यंत्रात भरल्या. पट्टी वाचायला काही मिनिटे लागली. मग यंत्राने दोन अधिक दोन बरोबर चार असे उत्तर दिले. पुढे जगभर पसरलेल्या कंपनीचा धंदा त्या विसरलेल्या सूचनांमुळे पहिल्याच दिवशी अडला असता.

शाळेत आलेला पहिला संगणक

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते पुढच्या गोष्टीचे. भारतातल्या निवडक शाळांत संगणक पोचवण्याची क्लास ही सरकारी योजना १९८४ मध्ये सुरू झाली. तिच्यात वापरलेला संगणक ब्रिटनचा बीबीसी मायक्रो. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा फोटो त्या स्मृतीत मावणार नाही. पण बटण दाबले की 'बू-बीप' असा दुहेरी आवाज येई आणि पडद्यावर लिहायची जागा तयार. सगळे मिळून एखादा सेकंद. मुलाने लगेच कळफलकावर बोट ठेवावे.

हे कसे जमत होते? त्याचे मूळ सॉफ्टवेअर आणि बेसिक भाषा दोन्ही रॉम या चिपमध्ये कायमची कोरलेली होती. कुठून काही आणायचेच नव्हते. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या भारतीय शाळेतल्या मुलाला जो संगणक मिळाला, तो आमच्या मुलीपुढच्या संगणकापेक्षा कितीतरी लवकर सुरू होत होता. संगणक जुना झाला म्हणून संथ झाला, हे दुरुस्तीवाल्याचे म्हणणे मला तिथे पहिल्यांदा खटकले.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेल्या आयबीएम पीसीने वेगळी वाट धरली, आणि आजचे बहुतेक संगणक त्याच वाटेवरचे आहेत. त्याच्या चिपमध्ये बायोस नावाचा छोटा कार्यक्रम. तो आधी घरातल्या वस्तू तपासतो, म्हणजे स्मृती आहे का, कळफलक आहे का वगैरे. सगळे ठीक असेल तर एक 'बीप' देतो. मग डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि कारभार त्यांच्या हाती सोपवतो. ते पुढच्या कार्यक्रमाला आणतात, तो त्याच्या पुढच्याला. लग्नाच्या पंगतीत भांडी हातोहात पुढे जावीत तसे.

या पद्धतीचा फायदा मोठा होता. चिप न बदलता डिस्कवर हवे ते नवे सॉफ्टवेअर घालता येते. मराठी आणि उर्दू संगणकावर आल्या त्या याच मोकळीकीमुळे. पण मोकळ्या दारातून कुणीही आत येऊ शकतो, हेही तिथेच ठरून गेले.

दहा सेकंदांचा हिशेब

संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ हा माणसाच्या आयुष्यातला वेळ आहे, हे कुणाला तरी सुचले होते का? सुचले होते. ऑगस्ट १९८३ मध्ये ॲपल कंपनीत मॅकिंटॉश संगणक तयार होत होता. त्या गटातले अँडी हर्ट्झफेल्ड यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. लॅरी केनयॉन हा अभियंता डिस्कच्या भागावर काम करत होता. स्टीव्ह जॉब्ज त्याच्याकडे आले आणि म्हणाले की हा सुरू व्हायला फार वेळ घेतो. केनयॉनने अडचणी सांगायला सुरुवात केली. जॉब्जनी त्याला गणित घातले. उद्या पन्नास लाख लोक हे यंत्र वापरतील. प्रत्येकाचे रोजचे दहा सेकंद वाचले तर वर्षाला कित्येक माणसांची आयुष्ये वाचतील.

मी ते गणित कागदावर करून पाहिले. रोजचे पाच कोटी सेकंद, वर्षाचे १,८२५ कोटी, म्हणजे सुमारे ५७९ वर्षे. एक आयुष्य सत्तर वर्षांचे धरले तर आठ आयुष्ये. जॉब्ज बोलताना याहून मोठा आकडा बोलून गेले होते. विक्रेत्याचाच स्वभाव तो. पण आठसुद्धा कमी नाहीत. पुढच्या एक-दोन महिन्यांत केनयॉनने दहा सेकंद खरोखर कमी केले. २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश बाजारात आला.

हा प्रसंग वाचल्यावर मला माझे साडेचारशे तास आठवले. तिथे पन्नास लाख गिऱ्हाइकांच्या वेळेची काळजी करणारा मालक होता. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांच्या वेळेचा हिशेब कोण मागतो? ज्यांच्याकडे पैसा आहे ते यंत्र बदलतात. वाट पाहणे उरते ते आपल्या मुलांच्या वाट्याला.

दारातली गर्दी

यंत्रे झपाट्याने वेगवान होत गेली. मग वेळ वाढला कसा?

डॉसच्या काळात ऑटोएक्झेक.बॅट नावाची एक फाइल असे. संगणक सुरू होताना काय काय आपोआप चालू करायचे, त्याची ती यादी. हौशी माणूस ती स्वतः लिहायचा, त्यामुळे तिच्यात काय आहे हे त्याला माहीत असायचे. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आले. त्याचा सुरुवातीचा सहा सेकंदांचा मंजुळ सूर ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने बांधला होता. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तो ऐकला आहे. पण विंडोजच्या आतल्या रजिस्ट्री नावाच्या दप्तरात आता कोणतेही सॉफ्टवेअर परस्पर आपले नाव नोंदवू शकत होते, मालकाला पत्ता न लागता. प्रिंटर आणला, त्याने आपला मदतनीस दारात उभा केला. गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर घेतले, त्याने केला. प्रत्येक कंपनीचा विचार एकच, आपले सॉफ्टवेअर पहिल्या क्लिकला पटकन उघडावे. त्यासाठी ते आधीच जागे करून ठेवायचे. एकेकाचे म्हणणे चूक नाही. पण पंचवीस जणांनी असाच विचार केला, तर घरमालकालाच घरात शिरता येत नाही.

यात आपल्या भाषांचाही वाटा आहे, हे सांगायला हवे. संगणक जन्माने इंग्रजी. मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, उर्दूसाठी १९९४ मध्ये आलेले इनपेज, या सॉफ्टवेअरवर आपल्याकडची वर्तमानपत्रे, पत्रिका, प्रश्नपत्रिका छापल्या गेल्या. त्यांचे उपकार मोठे. पुढे विंडोज २००० पासून युनिकोडची मराठी संगणकातच मिळू लागली आणि उर्दूचीही सोय झाली. वेगळ्या मदतनिसाची गरज कमी होत गेली, पण जुने मदतनीस दारात उभेच राहिले. आमच्या लॅबमधल्या संगणकांवर मला दोन जुने कळफलक-मदतनीस सापडले. एक मराठीसाठी, एक उर्दूसाठी. गेली कित्येक वर्षे त्यांना कुणी हाक मारली नव्हती, तरी दोघे रोज पहाटे उठून हजर होत होते. माझ्या दोन्ही भाषा त्या मुलीचा रस्ता अडवून उभ्या होत्या.

शिडी एकच

तरीही पंचवीस छोटे कार्यक्रम उघडायला चार मिनिटे का लागावीत? याचे उत्तर हार्ड डिस्कमध्ये आहे.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमची, १९५६ सालची. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे. तबकडी फिरते आणि एक दांडी पुढे-मागे सरकून हवी ती जागा शोधते. तेव्हा एक जागा गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त. आमच्या लॅबमधल्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. एक फेरी आठ मिलिसेकंदांची. दांडी सरकण्याचा वेळ धरला तर एक जागा गाठायला साधारण बारा-तेरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम सत्तर-ऐंशी जागा. प्रोसेसरचा वेग या काळात लाखो पटींनी वाढला, डिस्कची दांडी मात्र पन्नासएक पटींवरच राहिली. शेवटी ती लोखंडी वस्तू आहे, जाऊन पोचायला तिला वेळ लागणारच.

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. उंच कपाटे, एक शिपाई आणि एक शिडी. एका मुलाला दहा पुस्तके हवीत आणि ती एकाच कप्प्यात असतील तर शिपाईमामा एकदा चढून दहाही काढतील. पण पंचवीस मुले एकदम ओरडू लागली, एकाचे पुस्तक या टोकाला, दुसऱ्याचे त्या टोकाला, तर मामांचा वेळ पुस्तक काढण्यात कमी आणि शिडी ओढण्यात जास्त जाईल. संगणक सुरू होताना डिस्कचे नेमके हेच होते.

२५ ऑक्टोबर २००१ ला आलेल्या विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने तीस सेकंदांत वापरण्याजोगा संगणक हे उद्दिष्ट ठरवले होते. त्यासाठी प्रीफेच ही युक्ती केली. सुरुवातीला कोणकोणत्या फाइली लागतात हे संगणक टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या ओळीने वाचतो. मामांनी रोजच्या मुलांची यादी खिशात ठेवावी तसे. गंमत म्हणजे 'संगणक वेगवान करायचा तर प्रीफेचचे फोल्डर रिकामे करा' हा सल्ला तेव्हापासून फिरतो आहे. मीही तो पूर्वी पाळला आहे. म्हणजे मामांच्या खिशातली यादी मी स्वतः फाडत होतो. पुढची सुरुवात त्याने उलट लांबते.

शिडीचा प्रश्न सुटला तो एसएसडीमुळे. तिच्यात फिरणारे काही नाही, सगळे चिपवर. कोणतीही जागा गाठायला साधारण ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. अर्ध्या शतकात जेवढी सुधारणा झाली नव्हती, त्याहून मोठी उडी या एका बदलाने मारली.

पाच सेकंदांची शिस्त

पण केवळ नवी वस्तू घेऊन काम भागते का? २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांची एक परिषद झाली. तिथे आर्यन व्हॅन डी व्हेन आणि औके कोक या इंटेलच्या दोन अभियंत्यांनी आसुस ईईई पीसी हा स्वस्तातला छोटा लॅपटॉप पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्याची चिप साधी, किंमत कमी. एसएसडी होती, पण तीही आजच्यासारखी वेगवान नव्हती, आणि नेहमीच्या पद्धतीने त्याच यंत्राला कितीतरी जास्त वेळ लागत होता.

त्यांचा विचार मला फार मोलाचा वाटला. 'लवकर सुरू करू' असे त्यांनी म्हटले नाही. पाच सेकंद ही मर्यादा आधी ठरवली आणि तिची वाटणी केली. गाभ्याला एक सेकंद, सुरुवातीच्या तयारीला एक, चित्रप्रणालीला एक आणि डेस्कटॉपला दोन. ज्याला आपल्या वाट्यात काम जमत नाही त्याने कारण सांगायचे, नाही तर बाहेर थांबायचे. तारीख आणि मर्यादा नसली की 'करू' म्हणजे काय होते हे आपल्या शाळा, संस्था, जमाती सगळ्यांना माहीत आहे.

२०१० मध्ये लिनक्ससाठी आलेल्या सिस्टमडीने कामे एकामागून एक करण्याऐवजी एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत आणली, आणि कोणत्या कामाने किती वेळ खाल्ला त्याची यादी दाखवायची सोयही दिली. २६ ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ मध्ये टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हा भाग आला. कोण दारात उभे आहे आणि त्याचा भार किती, हे मालकाला समोर दिसू लागले. त्याच विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' आले. यात संगणक बंद करताना गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. म्हणजे 'शट डाउन' केले तरी तो पूर्ण बंद होत नाही, 'रीस्टार्ट' केले तर मात्र पूर्ण होतो. संगणक बरेच दिवस विचित्र वागू लागला तर एकदा रीस्टार्ट करून पाहा, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

आमच्या लॅबमध्ये

एवढे वाचून झाल्यावर मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर लॅबमध्ये बसलो. मर्यादा ठरवली. हजेरी घ्यायला मला दीड मिनिट लागते, हजेरी संपायच्या आत संगणक तयार हवा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या स्टार्टअपमध्ये एका संगणकावर मला एकोणीस नावे सापडली. त्यात आता शाळेत नसलेल्या प्रिंटरचा मदतनीस होता, कुणीतरी कधीतरी घेतलेले गप्पांचे सॉफ्टवेअर होते, आणि माझ्या भाषांचे ते दोघे. विषाणूंपासून रक्षण करणारी सॉफ्टवेअर दोन होती आणि ती एकमेकांवर पाळत ठेवून बसलेली. मी एक काढले, एक ठेवले. ज्याचे नाव कळले नाही त्याला हात लावला नाही. बाकीची बंद केली. सॉफ्टवेअर काढून टाकले नाही, फक्त दारात उभे राहायची मुभा काढली. पुन्हा स्टॉपवॉच लावले. दोन मिनिटे चाळीस सेकंद. एक रुपयाही खर्च न होता वेळ जवळपास निम्म्यावर आला. उरलेल्या नऊ संगणकांचे काम दहावीच्या चार मुलांनी दोन दिवसांत केले, मी नुसता उभा होतो.

उरला शिडीचा प्रश्न. हेडमास्तरांनी काही माजी विद्यार्थ्यांना फोन केला. त्यांतला एक जण आता शहरात संगणकाचेच काम करतो. सगळ्यांनी मिळून दहा छोट्या एसएसडी दिल्या. दहांचा मिळून खर्च एका नव्या संगणकाच्या किमतीहून कमी होता. त्या मुलाने स्वतः येऊन त्या बसवल्या. आधार संपलेल्या विंडोजवर इंटरनेट नको म्हणून इंटरनेटसाठी चार संगणकांवर त्याने लिनक्स घातले. त्यावर मराठी आणि उर्दू दोन्ही युनिकोडमध्ये छान चालतात. बाकीचे सहा इंटरनेटशिवाय टायपिंग आणि सरावासाठी ठेवले. नऊ संगणक आता अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर तयार होतात. एक अजूनही रडतो, त्याचा दोष वेगळ्याच ठिकाणी आहे.

मी हे लिहितो आहे ते तांत्रिक ज्ञान दाखवायला नाही, ते माझ्याकडे नाहीच. आपल्या वस्तीतल्या शाळांत, अभ्यासिकांत, मदरशांत, ग्रंथालयांत असे किती तरी संगणक कापडाखाली झाकून ठेवले आहेत. 'खराब आहेत', 'जुने आहेत' म्हणून कुणी हात लावत नाही. त्यांतले काही खरेच निकामी असतील. पण एकदा घड्याळ लावून मोजा. मग दारात कोण कोण उभे आहे ते पाहा. भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे तरी करायला हवे, कारण तिथे वाया जातो तो वेळ आपल्या मुलांचा आहे.

गेल्या आठवड्यात आठवीची तासिका होती. मी हजेरी घेत होतो. अर्ध्या पटावर आलो असेन, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, मेरा चालू हो गया. क्या लिखूं?" मी म्हटले, आधी आपले नाव लिही, दोन्ही भाषांत. हजेरी संपवून मागे गेलो तेव्हा तिने नाव लिहून झाले होते, आणि शेजारच्या दोघींना उर्दूचा 'ये' कुठल्या कळीवर आहे ते ती दाखवत होती.